पुणे ते जैसलमेर गाडीने: घरच्या मंडळींसह माळढोकाच्या मुलखात

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात पुण्याहून गाडीने जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जायचं मनात आहे. सोबत सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे), मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. गाडी सात आसनी डिझेल आहे, मी आणि नवरा दोघंही चालवतो. नणंद आणि तिची मुलगी अमेरिकेहून येणार आहेत. त्या विमानाने जोधपूरला उतरून जैसलमेरला आम्हाला भेटतील.

जायचं मुख्य कारण माळढोक, गवताळ माळावरचा तो मोठा, आता दुर्मिळ झालेला पक्षी. सासरे नोकरीत असताना काही वर्षं सोलापूरला होते आणि नान्नजच्या माळावर त्यांनी तो मनसोक्त पाहिलाय. नातवंडांना तो मोकळ्या रानात दाखवायचा ही त्यांची फार इच्छा आहे.

सध्या कागदावर असं मांडलंय: पहिल्या दिवशी पुणे–अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी अहमदाबाद–जैसलमेर. मग समच्या वाळूत तंबूत दोन रात्री, तनोट आणि लोंगेवाला, पुढे बिकानेर, जोधपूर, उदयपूर करत परत. निघायचं २४ डिसेंबरला. म्हाताऱ्या माणसांना हे झेपेल का? मार्ग कोणता धरावा? मुक्काम समला ठीक की गावात? आणि मुख्य म्हणजे माळढोक दिसण्यासाठी काय करावं लागतं? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गाडीवान

केतकीताई, पुणे–अहमदाबाद साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. तरणीताठी दोघं असतील तर एका दमात होतं. सत्तरीपुढची माणसं आणि सात वर्षांचा मुलगा घेऊन करू नका. घोडबंदरला आणि पुढे भरूचच्या अलीकडे वाहतूक कशी मिळेल यावर तुमचे दोन-तीन तास इकडचे तिकडे होतात. पुण्यातून पहाटे चारला निघालात तर सकाळच्या गर्दीआधी मनोर ओलांडता येतं. मग वापी किंवा नवसारीला निवांत जेवण आणि रात्री बडोदा. तिथेच थांबा.

दुसऱ्या दिवशी अहमदाबाद–जैसलमेरचा आग्रह सोडा. मध्ये कच्छचं छोटं रण आहे! बडोद्याहून अहमदाबाद, साणंद, विरमगाम करत दुपारी जेवायला दसाडा किंवा बजाण्याला पोचता. तिथे रानगाढवांचं अभयारण्य आहे, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं. २०२४च्या गणनेत ७,६७२ रानगाढवं मोजली गेली. मुलांना पहिल्याच संध्याकाळी मोठं जनावर अगदी मोकळ्यावर दिसेल. पुढे जैसलमेरला बराच वेळ नुसतं गवत आणि क्षितिज बघायचं असतं, त्याआधी हे दिसलेलं बरं. रण पावसाळ्यात बंद असतं, १६ ऑक्टोबरपासून उघडतं.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. रणात स्वतःची गाडी घालू नका. वरून जमीन कोरडी, भेगाळलेली दिसते आणि पापुद्र्याखाली चिखल असतो. चाक त्यात बसलं की गाडी पोटावर टेकते आणि मग ट्रॅक्टर मागवावा लागतो. स्थानिक माणसाची जीप घ्या. त्याला ओल कुठे आहे ते रंगावरून कळतं.

दसाड्याहून पुढे राधनपूर, थराद, सांचोर, धोरीमन्ना, बाडमेर, जैसलमेर. राधनपूरपासून पुढे सगळा राष्ट्रीय महामार्ग ६८. एकूण साडेचारशेच्या आसपास भरतं. रस्ता सरळ आणि चांगला आहे, पण बाडमेरला एक रात्र मोडा. बाडमेर–जैसलमेर दीडशेच्या वर आहे आणि ते उजेडात करण्यासारखं आहे. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर गाई, उंट आणि मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. उंट हेडलाइटच्या झोतात वर येतच नाही, आधी फक्त त्याचे पाय दिसतात. सूर्य मावळला की गाडी उभी, हा नियम घरात आधीच सांगून ठेवा.

डिझेल गुजरातेत भरत जा, थरादला टाकी पूर्ण करा. 

बडोदेकर

आमच्या गावात मुक्काम करताय, तर स्वागत. गाडीवान यांनी मार्ग अगदी योग्य सांगितला आहे. मी तारखांबद्दल बोलतो.

२४ डिसेंबर ते १ जानेवारी जैसलमेरला जाऊ नका. खोल्यांचे दर तिप्पट होतात हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे समच्या रस्त्यावर रात्रभर गाड्या आणि ध्वनिवर्धक. तुम्हाला शांतता हवी आहे. मुलांना दिवाळीची सुट्टी असेल तर तिचा दुसरा अर्धा भाग वापरा. मात्र दिवाळी ते लाभपंचमी हा आठवडाही टाळा. त्या दिवसांत सगळा गुजरात राजस्थानात असतो, आमचे शेजारीपाजारीसुद्धा. लाभपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी गर्दी ओसरते, रण उघडलेलं असतं, करकोचे आलेले असतात आणि रात्री गारठा असला तरी ज्येष्ठांना सोसवतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा पाच-सहापर्यंत उतरतो आणि उघड्या जीपमध्ये वारा लागतो तो वेगळाच.

उन्हाळ्याचा तर विचारही नको. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश नोंदलं गेलं होतं.

आणि गुजरातेत दारूबंदी आहे, येताना-जाताना गाडीत बाटली ठेवू नका. हद्दीवर तपासणी होते.

निशिगंध_नाशिक

मला एक प्रामाणिक शंका आहे. जोधपूरपर्यंत रेल्वे आहे, विमान आहे. पुढे तीनशे किलोमीटरच्या आतली भाड्याची गाडी. म्हाताऱ्या माणसांना इतकं हिंडवण्यापेक्षा ते सोयीचं नाही का?

केतकी_कोथरूड

निशिगंधताई, आम्हीही तेच बोललो होतो. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात. फलाटावरचे जिने आणि विमानतळावरची चाल त्यांना जास्त जड जाते. गाडीत त्या पाय लांब करून बसतात, दर दीड तासाने उतरतात, चार पावलं चालतात आणि खूश असतात. शिवाय सासऱ्यांना जमीन बदलताना बघायची आहे. काळी माती संपून वाळू कुठे सुरू होते हे नकाशावर मुलांना दाखवत ते संध्याकाळचे बसतात.

तारखांचं पटलं. दिवाळीनंतरच जाऊ. रणाचाही मुक्काम घेतला. आता पार्कबद्दल कुणी सांगेल का?

माळावरचा

मी सोलापूर जिल्ह्यातला, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा ध्यास आतून समजतो. नान्नजचं अभयारण्य १९७९चं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते साधारण १,२२२ वर आणलं गेलं. आमच्या लहानपणी रस्त्याकडेच्या ज्वारीत माळढोक उभा दिसायचा. गेल्या काही वर्षांत एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. देशभरात मिळून आता दीडशेच्या आतबाहेर उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. म्हणून तिकडे जाणं म्हणजे आपल्याकडून गेलेल्या पक्ष्याला भेटायला जाणं आहे, मी तरी तसंच मानतो.

पार्कबद्दल आधी मनातलं चित्र बदला. ताडोबासारखं फाटक, सफारीची वेळ, रांगेत जिप्सी असं काही नाही. १९८० साली घोषित झालेलं ३,१६२ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र आहे, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत. नाव नॅशनल पार्क असलं तरी कायद्याच्या नोंदीत ते अभयारण्यच आहे. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे लहान वस्त्या आहेत, मेंढरं चरतात. त्यात वनखात्याने जाळी घालून राखलेले गवताचे तुकडे आहेत. सुदासरी त्यातला सगळ्यांत जुना आणि ओळखीचा, समच्या पुढे, जैसलमेरपासून साधारण साठ किलोमीटर. परवानगी जैसलमेरच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून घ्यायची. कोणता भाग उघडा आहे, कुठपर्यंत गाडी नेता येईल, हे हंगामाप्रमाणे बदलतं. म्हणून निघण्याआधी फोन आणि पोचल्यावर प्रत्यक्ष भेट, दोन्ही करा. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद मिळेल, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी पोचू नका.

आणि वाळूच्या टेकड्या हे माळढोकाचं घर नव्हे. त्याला सपाट गवताळ जमीन लागते, सेवण गवताची. मध्ये केर, फोग, बोरीची झुडपं. टेकड्यांत तुम्हाला उंट आणि माणसं दिसतील.

आता दिसण्याबद्दल. सूर्य उगवायच्या आधी गवताच्या कडेला पोचा, इंजिन बंद करा आणि बसा. हिंडू नका. पहिल्या दोन तासांत हवा स्थिर असते. नंतर जमीन तापली की दूरचं सगळं थरथरायला लागतं आणि दुर्बिणीतून दगड आणि पक्षी सारखेच दिसतात. आधी गवतात एक पांढरी उभी रेघ दिसते, ती मान. तिच्यावर काळी टोपी. मग रेघ सरकते आणि तिच्याखाली तपकिरी पाठ उगवते. नर मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा, पण चाल अशी सावकाश की नजर हलली तर हरवतो. तो थांबून मान ताणून तुमच्याकडे बघायला लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा.

मुलांना हे आधी सांगून ठेवा की कदाचित दिसणार नाही. तीन सकाळी द्या. एकच सकाळ ठेवून गेलात तर सगळा भार त्या एका सकाळवर येतो आणि मग मोठी माणसं चालकाला 'जरा आत घे' म्हणायला लागतात.

वाटसरू९

आम्ही समला गेलो होतो तेव्हा एका जीपवाल्याने थोडे जास्त पैसे घेऊन रस्ता सोडून आत नेलं होतं. खोकड आणि हरणं अगदी जवळून दिसली. मुलांना मजा आली. माळढोकासाठीही तसं कुणी गाठता येईल, चौकशी करा.

माळावरचा

वाटसरू, तुमचा हेतू केतकीताईंना मदत करण्याचा आहे हे कळतं, पण हे कुणीही करू नये अशी कळकळीची विनंती आहे.

माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. घरटं असं काही नसतं. चाकाखाली ते गेलं तर चालकाला कळतही नाही. मुख्य वीण उन्हाळा-पावसाळ्यात असली तरी पिल्लू पुढे बराच काळ आईबरोबर फिरतं. गाडी अंगावर आली की आई उडते. पिल्लू मागे राहतं आणि खोकड, कुत्रे, कावळे टपलेलेच असतात. दीडशे पक्ष्यांत एक पिल्लू किती मोलाचं, याचा हिशोब तुम्हीच करा.

आधीच त्यांच्या वाटेत तारा आहेत. जैसलमेरभोवती पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या वीजवाहिन्या गवतावरून जातात. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. अंगाने जड असल्यामुळे तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. मार्च २०२४मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तारांवर फिरत्या चकत्या लावलेल्या दिसतील, त्या यासाठीच. मुलांना दाखवा.

आशा वाटावी असंही आहे. समला २०१९पासून आणि नंतर रामदेवऱ्याला रानातली अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. दोन्हीकडे मिळून आता साठहून अधिक पक्षी आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. ही केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत आणि तेच योग्य आहे. तिथे 'ओळख काढून' शिरायचा प्रयत्न करू नका.

वाटसरू९

अंडं उघड्यावर असतं हे माहीत नव्हतं. पटलं. माझा सल्ला मागे घेतो.

छावणी

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी जैसलमेरला राहिले आहे, म्हणून घरगुती बाजू लिहिते.

मुक्काम: समच्या तंबूंत रात्री नाचगाणी असतात, ज्येष्ठांना झोप नाही आणि स्वच्छतागृह तंबूतल्या तंबूत असलं तरी पायऱ्या-उंबरे असतात. जैसलमेर गावात, किल्ल्याच्या बाहेर, तळमजल्यावर खोली घ्या. किल्ल्यातल्या हवेल्या सुंदर आहेत, पण गाडी दारापर्यंत जात नाही आणि जिने उंच आहेत. गावातून पहाटे साडेपाचला निघालात तर उजाडायच्या आत सुदासरीच्या बाजूला पोचता. वाळूतली एक रात्र हवीच असेल तर खुरी गावाकडे बघा, तिथे लहान घरगुती मुक्काम मिळतात आणि समपेक्षा शांत असतं. आदल्या दिवशी फोन करून गाणी वाजणार का, ते स्पष्ट विचारा.

पाणी: नळाचं आणि हातपंपाचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट लागतं, सवय नसलेल्याचं पोट बिघडतं. वीस लिटरचा जार गाडीत ठेवा आणि शहरात भरत राहा.

जेवण: बाजरीची भाकरी, कढी, केर-सांगरीची भाजी, लसणाची चटणी. सासू-सासऱ्यांना घरच्यासारखंच वाटेल. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. ज्या झाडाची दसऱ्याला पूजा करतो ते तिकडे शेताच्या बांधावर रांगेने उभं दिसतं. पहाटे निघताना मात्र काही मिळत नाही. दशम्या, तिळाची चटणी, थर्मासमध्ये चहा, असं बरोबर घ्या.

औषधं: गावात सरकारी रुग्णालय आहे, पण मोठी सोय जोधपूरला, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्येही असू द्या. कोरड्या हवेत तहान कळत नाही. ज्येष्ठांना घड्याळ लावून पाणी द्यावं लागतं.

बाईमाणसांसाठी एक वेगळं: गवताच्या भागात आडोसा मिळत नाही. समच्या आधी कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा आणि गाडीत एक जुनी साडी असू द्या.

नणंदेबद्दल: तिचा आणि मुलीचा पासपोर्ट परदेशी असेल तर नीट लक्ष द्या. सीमेलगतच्या भागात परदेशी नागरिकांना जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ती लागतेच. जैसलमेर गावात अडचण नाही. तनोट-लोंगेवाल्याकडे किंवा पार्कच्या आतल्या गावांकडे जायचं असेल तर पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधीच पाठवून विचारा. तुमच्या सगळ्यांचीही आधार कार्डं मूळ असू द्या. आणि ड्रोन घरी ठेवा. सीमाभाग आहे, कुणीही ऐकून घेणार नाही.

केतकी_कोथरूड

छावणीताई, किती बारकाईने लिहिलंत! दोघींचेही पासपोर्ट अमेरिकन आहेत. हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजच नणंदेला कळवते.

तनोट ठेवावं का? सासूबाईंना देवीचं दर्शन घ्यायचं आहे.

छावणी

तनोट जैसलमेरपासून एकशेवीस किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सगळा दिवस. रस्ता उत्तम. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे, १९६५च्या लढाईत आवारात पडून न फुटलेले बाँब तिथे ठेवलेत, मुलं ते बघत राहतात. परत येताना १९७१च्या लढाईचं लोंगेवाला. सासूबाईंची इच्छा आहे तर ठेवा, पण त्या दिवशी पहाटे पार्क नको. दोन्ही एका दिवसात घातलं तर संध्याकाळी कुणीही आनंदात नसेल. नणंदेची परवानगी झाली नाही तर त्या दोघी त्या दिवशी गावात किल्ला आणि गडीसर तलाव बघतील.

बिकानेर मात्र काढून टाका. तिकडे जायला आणखी एक पूर्ण दिवस गाडीत जाईल आणि तुम्ही ज्यासाठी चाललात त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाणपक्षी_ठाणे

बिकानेरऐवजी खिचन घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

जैसलमेरहून जोधपूरकडे परतताना फलोदी लागतं, त्याच्या शेजारी पाच किलोमीटरवर खिचन. कांड्या करकोचे, तिकडे कुरजां म्हणतात, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून सप्टेंबरपासून येतात आणि मार्चपर्यंत राहतात. हजारोंनी. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना धान्य टाकतात, त्यासाठी गावाकडेला कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. सकाळी आधी दूरच्या शेतावर आवाज येतो, मग थवे गावावर घिरट्या घालतात, बराच वेळ उतरत नाहीत. एक थवा उतरला की बाकीचे उतरतात. सासूबाईंना चालावं लागणार नाही, शेजारच्या घरांच्या गच्चीवरून दिसतं, आणि नाही चढल्या तरी कुंपणापासूनही छान दिसतं. २०२५मध्ये खिचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. इथेही काही वर्षांपूर्वी तारांना धडकून करकोचे मरत होते, गावातल्या लोकांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला.

फलोदीत आदल्या रात्री मुक्काम करा, पहाटे खिचन, दुपारी जोधपूर. फलोदी–जोधपूर दीडशेच्या आत आहे.

आणि पार्कात फक्त माळढोक शोधू नका, नाहीतर मुलांची निराशा होईल. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर दहा पावलं पळतो आणि थबकतो, सात वर्षांच्या मुलाला तो लगेच सापडतो. पाणवठ्यावर सकाळी पखुर्ड्या उतरतात. गिधाडं हिवाळ्यात चार-पाच जातींची एकत्र दिसतात, पांढरं गिधाड, राजगिधाड, उत्तरेकडून आलेलं ग्रिफॉन. चिंकारा नक्की. नोव्हेंबरात दुपारचं ऊन असेल तर सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळाच्या तोंडाशी अंग शेकत बसलेला मिळेल. डिसेंबरात तो आत जाऊन झोपतो, हाही तुमच्या नव्या तारखांचा फायदा. सांड्याचं तेल विकणारे भेटले तर घेऊ नका. त्यासाठी जिवंत सांडे मारले जातात आणि तो गुन्हा आहे.

वाळूत पहाटे पायांचे ठसे बघायला मुलांना खाली उतरवा, गाडीपासून चार पावलांवर. वारा सुटायच्या आधी रात्रीची सगळी ये-जा तिथे लिहिलेली असते: खोकडाची सरळ ओळ, उंदराच्या जोड्या, भुंगेऱ्याची शिवण. मुलीला वही आणि पट्टी द्या.

गाडीवान

आता गाडीबद्दल, मग माझं संपलं.

टायर जुने असतील तर बदलूनच निघा. रणापासून बाडमेरपर्यंत रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे असतात, ट्यूबलेस असला तरी हवा जाते. पंक्चरचा संच, हवेचा छोटा पंप आणि स्टेपनीची हवा तीनही तपासा. धुळीमुळे एअर फिल्टर परतल्यावर बदलावा लागेल. काचेचं पाणी वरचेवर भरा.

वाऱ्याच्या दिवशी समच्या पुढे वाळूच्या पट्ट्या रस्त्यावर येतात. वेग आधीच कमी करून सरळ जा, पट्टीवर ब्रेक मारू नका. डांबर सोडायचं नाही. समोरून मोठी गाडी आली तर थांबा, कडेच्या वाळूत चाक घालू नका. जैसलमेर सोडल्यावर पंपाचा भरवसा धरू नका, रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवा. नकाशे मोबाइलमध्ये उतरवून घ्या, समच्या पुढे रेंज येते-जाते. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या.

वाटेत सांचोरच्या आसपास सासऱ्यांना शेतं दाखवा. नर्मदेचं पाणी २००८ साली कालव्याने तिथे पोचलं. जिरं, इसबगोल, डाळिंब. पुढे जैसलमेरच्या उत्तरेला इंदिरा गांधी कालव्याने असंच केलं. गवताची जमीन शेतीत गेली, त्यात माळढोकाचीही जागा गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जैसलमेरच्या सोळा-सतरा किलोमीटर आधी, बाडमेर रस्त्यावरच, आकलचं जीवाश्म उद्यान आहे. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके. अर्धा तास थांबा, आज वाळवंट असलेल्या जागी जंगल होतं हे मुलांना हात लावण्याइतकं जवळून दिसतं.

केतकी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि नवा बेत केला.

लाभपंचमीनंतर निघायचं. पुणे ते बडोदा, मग छोट्या रणात दोन रात्री, बाडमेरला एक. आकल बघत सोमवारी दुपारी जैसलमेर, त्याच दिवशी वनखात्याचं कार्यालय. मुक्काम गावात, तळमजल्यावर. तीन सकाळी गवताला, दुपारी झोप. त्यानंतर तनोटचा दिवस वेगळा. मग फलोदी, खिचन, जोधपूर. नणंद तिथून विमानाने जाईल, आम्ही उदयपूरला एक रात्र थांबून बडोद्यामार्गे घरी. सम आणि बिकानेर काढलं. बिकानेर काढल्याचं नवऱ्याला थोडं वाईट वाटलं, पण तीन सकाळी हव्यात यावर सासरे ठाम होते.

'माळावरचा', तुमचं लिखाण मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, दिसला नाही तरी गाडी गवतात न्यायची नाही, हे जीपवाल्याला आधीच सांगायचं. त्यांना एक विचारायचं आहे: दुर्बिणीबरोबर स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) भाड्याने घ्यावा का? त्यांची नजर आता पूर्वीसारखी नाही.

माळावरचा

काकांना नमस्कार सांगा. स्कोप जरूर घ्या, पुण्यात पक्षीनिरीक्षकांच्या एखाद्या गटात विचारलंत तर ओळखीवर मिळून जाईल. वीस ते साठ पटींचा असतो, तिथे तीसच्या वर जाऊ नका, हवेची थरथरही तेवढीच मोठी होते. तिपाई जड घ्या, वारा असतो. आणि काकांसाठी पाठ असलेली घडीची खुर्ची ठेवा. गाडीच्या सावलीत, वाऱ्याच्या उलट बाजूला. स्कोप त्यांच्या बसलेल्या उंचीला लावा, मुलांनाही त्याच उंचीवरून बघता येतं.

छावणी

आणि कार्यालयात सोमवारी दुपारी जाताना सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या आणि गाडीच्या कागदांच्या प्रती काढूनच न्या. नणंदेचं जिल्हाधिकारी कार्यालयाचं काम त्याच दिवशी होईल असं धरू नका, तिच्यासाठी एक दिवस हातात ठेवा.

केतकी_कोथरूड

प्रतींचे दोन संच काढले. नणंद दोन दिवस आधी पोचेल असं तिचं तिकीट बदलतोय. सासरे स्कोपसाठी त्यांच्या जुन्या सोलापूरच्या मित्रांना फोन करताहेत.